गाळलेले श्वास

१ नोव्हेंबर

आले एकदाची! दोन ट्रंका, एक टेबललॅम्प आणि रेडिओ केंद्रातली माझी फिरती खुर्ची. निवृत्तीच्या दिवशी साहेबांनी विचारलं होतं, काय देऊ तुम्हाला. मी म्हटलं, ही खुर्चीच द्या, बत्तीस वर्षांत तिला माझी सवय झाली आहे. ताईने दार उघडलं, आधी खुर्चीकडे बघितलं आणि म्हणाली, तू येणार असं कळवलं होतंस, सिंहासन येणार हे नाही कळवलंस. टॅक्सीवाला फिसकन हसला. मीही हसले. ताई थट्टा करते आहे म्हणजे सुरुवात बरी आहे.

मला वरची खोली दिली आहे. उतरतं छप्पर, एक खिडकी, भिंतीत बसवलेलं कपाट, कपाटात कापराचा वास. खिडकीतून शाळेचं मैदान दिसतं आणि त्यापलीकडे झाडांच्या शेंड्यांवर एक गोल घुमट. तेच जुनं जलशुद्धीकरण केंद्र, जिथे मला सोमवारपासून काम आहे. खालच्या खोलीत ताईचं शिवणकाम चालतं. शाळेचे गणवेश, उसवलेल्या चेना, आखूड करायच्या पँटी. तिच्या मशीनचा आवाज जिन्यावरून वर येतो तेव्हा मला पुन्हा नऊ वर्षांची झाल्यासारखं वाटतं. तेव्हा ते मशीन आई चालवायची.

मेहुणे गेले त्याला सहा वर्षं झाली, आई गेली त्याला अकरा. या अकरा वर्षांत ताई माझ्याशी कामापुरतंच बोलली. मग गेल्या महिन्यात तिचं दोन ओळींचं पत्र आलं, वरची खोली रिकामी आहे, यायचं तर ये. मी ते पत्र इतक्या वेळा वाचलं की घडीवर फाटलं. या हिवाळ्यात तिचं मन माझ्याबद्दल निवळावं, एवढंच मला हवं आहे. बाकी काही राहिलेलं नाही मिळवायचं.

रोज झोपण्याआधी चार ओळी लिहाव्यात असं शाळेत सिस्टर सांगायच्या. आज चाराच्या चोवीस झाल्या. खालून ताई ओरडते आहे की दिवा घालव, उजेड जिन्यात येतो.

४ नोव्हेंबर

कामाची जागा फार सुंदर आहे. शहराला आता दुसरीकडून पाणी येतं, त्यामुळे इथले चार गोल हौद कोरडे पडले आहेत. एकेक एवढा मोठा की आत शाळेची कवायत भरवता येईल. हौदांच्या मधून दगडी भिंतींच्या रुंद वाटा, लोखंडी कठडे, आणि टोकाला काचेच्या खिडक्यांचं पंपघर. मी पंपघरात बसणार.

ज्याने हे सगळं मांडलं आहे तो कलाकार उंच, काळ्या कपड्यांतला, मान पुढे काढून एकेक पाऊल उचलून टाकणारा. इथला वायरमन त्याला पाठीमागे बगळा म्हणतो. मी हे ताईला सांगितलं तर ती तोंडातल्या टाचण्यांसकट हसली.

बगळ्याने चाळीस खांब रोवले आहेत. प्रत्येकावर दुधी काचेचा एक गोळा, खाली बशीएवढा कर्णा. अंधार पडला की लोक त्या वाटांवरून चालणार. एक दिवा लागेल, त्यातून गावातलं कुणीतरी बोलेल. बोलणं संपलं की दिवा विझेल, पुढचा लागेल. चाळीस माणसांना एकच प्रश्न विचारायचा आहे: संध्याकाळ झाली की तुम्हाला कोण आठवतं?

माझं काम ते आवाज उतरवून घ्यायचे आणि स्वच्छ करायचे. दिवा आवाजाबरोबर वाढतो आणि आवाजाबरोबर उतरतो. बोलणारा श्वास घ्यायला थांबला की दिवा मिचमिचतो आणि बगळ्याला ते चालत नाही. म्हणून सगळे श्वास काढून टाकायचे. मी त्याला म्हटलं, बाबा, मी बत्तीस वर्षं दुसरं केलं काय? आमच्याकडे सगळे मला कात्रीबाईच म्हणायचे.

७ नोव्हेंबर

आजवर सव्वीस आवाज झाले. माणसं प्रश्न ऐकून आधी हसतात, मग खिडकीबाहेर बघतात, आणि मग जे बोलतात ते घरीही कधी बोलली नसतील. पाववाला त्याच्या पहिल्या मालकाबद्दल बोलला. त्याच्या नाकात एक बारीक शिट्टी वाजते, दर श्वासाला. टपालवाली बाई एका कुत्र्याबद्दल बोलली आणि मध्येच म्हणाली, हे माझ्या नवऱ्याला ऐकवू नका, त्याला वाटतंय मी त्याच्याबद्दल बोलले. पोहण्याचे मास्तर सत्तरीचे आहेत, अजून तलावाची लांबी पाण्याखालून पार करतात. त्यांचा श्वास म्हणजे दार उघडल्यासारखा, लांब आणि सावकाश.

टेपच्या काळात आम्ही ब्लेडने कापायचो. कापलेला श्वास फेकायचा नाही, भिंतीला चिकटवून त्यावर नाव लिहायचं. न जाणो, कुणी म्हणालं की बोलणं फार घाईचं वाटतंय, तर तो परत जोडता यायला हवा. इथे भिंत नाही. कापलेले तुकडे मी एका फाईलमध्ये एकापुढे एक टाकत जाते. नावं लिहीत बसले नाही. कोण मागायला येणार आहे?

एक चूक मात्र झाली. टेप एकच असते, तीच कापायची असते. हाताला तीच सवय. कॉम्प्युटरवर आधी मूळ प्रत बाजूला ठेवायची असते हे मला बगळ्याने सांगितलं, तोवर मी वीसेक आवाज मुळातच कापले होते. तो म्हणाला, जाऊ द्या हो, मूळ कशाला हवंय आता. मलाही ते पटलं. पुढचेही तसेच कापले.

१० नोव्हेंबर

ताईला मी दोनदा विचारलं. ती म्हणाली, माझा आवाज काय खांबावर टांगायचाय? तुझं कॉन्व्हेंट, तुझा रेडिओ, तुझे ते सिस्टरांनी घासूनपुसून दिलेले उच्चार. आमचं आपलं मशीन बोलतं तेवढं बास. मग मी म्हटलं, बरं, मशीनचाच आवाज दे, मागे हळू वाजवायला उपयोगी पडेल. त्याला ती हो म्हणाली. मशीनला विचारून घे मात्र, म्हणाली, लाजेल.

संध्याकाळी मी तिच्या टेबलावर आवाज उतरवायचं यंत्र ठेवलं आणि शेजारी बसून गणवेशांना बटणं लावत राहिले. अर्धा तास तिचं मशीन चालत राहिलं. मग तिने पाय थांबवला आणि कापडाकडेच बघत सांगायला लागली. अकरा वर्षांत पहिल्यांदा.

शेवटच्या रात्री आई माझं नाव घेत होती. ताईने सांगितलं, येतेय ती, गाडीत बसली आहे. खोटंच. आईने विचारलं, कुठलं स्टेशन आलं? ताईने एक नाव सांगितलं. थोड्या वेळाने आईने पुन्हा विचारलं. ताई एकेक स्टेशन पुढे जात राहिली. पहाटेपर्यंत सगळी स्टेशनं संपली. मग तिने मधल्या मधल्या, गाडी न थांबणाऱ्या थांब्यांची नावं सांगितली.

बोलता बोलता ती रडत होती. दर दोन वाक्यांमागे हुंदका, मग घशात अडकलेला एक श्वास. मी केंद्रावर होते त्या रात्री. थेट प्रक्षेपण होतं. ताईचा निरोप मला आठ वाजता मिळाला होता आणि मला वाटलं होतं, सकाळच्या गाडीने गेलं तरी चालेल.

मला तिचा हात धरायचा होता. माझ्या हातात सुई होती. तिने डोळे पुसले, म्हणाली, बटण उलटं लावते आहेस, आणि मशीन सुरू केलं.

यंत्रावरचा लाल दिवा तसाच चालू होता.

१२ नोव्हेंबर

चाळिसावा माणूस ऐनवेळी नाही म्हणाला. बगळा डोकं धरून बसला. माझ्याकडे ताईचं होतं. चाळिसांत एवढं खरं कुणीच बोललेलं नाही, हे मला पहिल्या वाक्यालाच कळलं होतं. ज्या कानाला चांगला आवाज ओळखता येतो त्याला तो बाजूला टाकता येत नाही. दारुड्याच्या हाताने ग्लास उचलावा तसा मी तो उचलला.

अकरा जागी कापलं. आता वाक्याला वाक्य जोडून छान सरळ जातं. ताईला उद्या सांगेन. ऐकलं की तिलाही आवडेल.

१४ नोव्हेंबर

आज चाचणी. बगळ्याला माझी ती तुकड्यांची फाईल सापडली आणि तो लहान मुलासारखा उड्या मारायला लागला. त्याने ते श्वास पत्त्यांसारखे पिसले, आणि आता दर दहा आवाजांनंतर ते वाजतात. सगळीकडे काळोख, मग दिवे एकदम हळूच वर येतात, हळूच उतरतात. कुणी बोलत नाही. नुसता श्वास आत, श्वास बाहेर. कोरड्या हौदांच्या भिंती त्या उजेडात फुगतात आणि बसतात असा भास होतो. वायरमन म्हणाला, बाई, एखादं मोठं जनावर झोपलंय असं वाटतं हो. मला अभिमानच वाटला.

ताईला अजून सांगितलेलं नाही. उद्या प्रत्यक्षच ऐकू दे.

१५ नोव्हेंबर

ताई निळं स्वेटर घालून आली होती. केस नीट बांधले होते. प्रवेशापाशी तिने माझा दंड धरला, काळोखात तिला कमी दिसतं म्हणून. किती वर्षांनी धरला. पहिला दिवा लागला तेव्हा ती आई गं म्हणाली आणि हसली. टपालवाल्या बाईचं कुत्रं तिला फार आवडलं. पाववाला बोलायला लागला तर म्हणाली, अगं, हा तर एका दमात बोलतोय, एरवी एक वाक्य बोलायला याला अर्धा तास लागतो. श्वासांची पाळी आली तेव्हा मात्र तिने माझा दंड घट्ट दाबला. म्हणाली, हे काय आहे गं, मला नाही आवडत हे, चल पुढे.

चाळिसावा दिवा शेवटच्या हौदाच्या काठावर आहे. तो लागला.

हुंदके नव्हते. थांबणं नव्हतं. ताईचा आवाज वेळापत्रक वाचून दाखवावं तसा, थंड, सलग, एकामागून एक स्टेशनं सांगत गेला. खोटं बोलल्याची फुशारकी मारावी तसा. आमच्यामागे एक जोडपं होतं. ते दोघं हसले. पुरुष म्हणाला, म्हातारी हुशार आहे हं.

दिवा विझेपर्यंत ताई हलली नाही. मग तिने माझा दंड सोडला. तिने एवढंच विचारलं की, यात मी रडले होते ना गं? आणि कठडा धरून, चाचपडत, एकटी पुढे गेली.

१७ नोव्हेंबर

ताई बोलत नाही. ताट झाकून ठेवते आणि आपल्या खोलीत जाते. मी दाराबाहेरून दोनदा माफी मागितली. आत मशीन चालू झालं.

सकाळी टपालवाली बाई आली. दार उघडताच बोलायला लागली की तुमचं पत्र आहे सही करा इथे नाही हो त्या खालच्या रेघेवर काल प्रयोग बघितला नवरा चिडलाय पण कुत्र्यावर चिडून काय करणार. हे सगळं एका सुरात, मध्ये एकदाही न थांबता. शेवटच्या शब्दापर्यंत तिचा चेहरा जांभळा झाला होता. मग ती चौकट धरून बराच वेळ उभी राहिली. वय झालं, असं खुणेनेच म्हणाली. पस्तिशीचीही नाही ती.

१८ नोव्हेंबर

पोहण्याचे मास्तर पंपघराच्या तिसऱ्या पायरीवर बसून होते. मला बघून बोलायला लागले, तेही तसंच, सलग, शब्दाला शब्द चिकटवून, घाईत, डोळे वटारून. डॉक्टरांनी छाती तपासली आहे, काही सापडलं नाही. पाण्याखालून तलाव पार करणारा माणूस. त्यांना उठवायला दोघं लागले.

ते कसं बोलत होते ते मला ओळखीचं वाटलं. मी ते स्वतः कापलं आहे. नेमकं तसंच.

१९ नोव्हेंबर

पाववाला गेला. दुकानात, गिऱ्हाईकाशी बोलता बोलता. गिऱ्हाईक सांगत होतं की तो बोलतच राहिला, बोलतच राहिला, आणि वाक्य संपल्याबरोबर खाली पडला.

रात्री प्रयोगात श्वासांच्या पाळीला मी हौदाच्या काठावर उभी राहिले. सगळ्या श्वासांत एक सर्वांत मोठा होता. लांब, तृप्त. त्यात बारीक शिट्टी वाजत होती.

२१ नोव्हेंबर

आता ते रोज येतात. ज्यांचे आवाज आहेत ते. सात वाजता, एकेकटे, आपापल्या दिव्याखाली येऊन उभे राहतात. सबंध प्रयोगभर हलत नाहीत. श्वासांची पाळी आली की त्यांच्या छात्या दिव्यांबरोबर वर येतात, खाली जातात. चेहऱ्यांवर रंग येतो. नऊ वाजता दिवे बंद झाले की पुन्हा तसेच, करडे.

बघायला आलेल्यांना वाटतं हा खेळाचाच भाग आहे. टाळ्या वाजवतात.

मास्तर मला म्हणाले की इथे बरं वाटतं दिवसभर मी या दोन तासांची वाट बघतो तुम्ही हे बंद करू नका बाई पाया पडतो. एका दमात. मग दिव्याखाली जाऊन उभे राहिले.

२२ नोव्हेंबर

वायरमनला सगळं सांगितलं. तो म्हणाला, तुम्ही दमला आहात. मग प्रयोग चालू असताना त्याने मुख्य खटका ओढून दाखवला, हे बघा, काही होत नाही.

ती माणसं दोरीवरून कपडे गळावेत तशी खाली पडली. सगळी एकदम.

त्याने खटका परत लावला. ती उठली. वायरमन तेव्हापासून माझ्याशी बोललेला नाही.

बगळ्याला सांगितलं. त्याने माझ्या खांद्यावर हात ठेवला. म्हणाला, कलेने असंच हलवायला हवं माणसाला. तीसला इथला शेवटचा प्रयोग. मग हे सगळं उचलून दुसऱ्या शहरात. फाईलसकट.

घरी आले तर मशीन थांबून थांबून चालत होतं. ताईच्या खोलीत गेले. ती टेबलावर डोकं टेकून बसली होती. ओठ निळे. किती दिवसांपासून? ती माझ्याशी बोलतच नव्हती — बोलली असती तर मला पहिल्या वाक्याला कळलं असतं.

२३ नोव्हेंबर

जोडता येतात! रात्री पंपघरात बसून टपालवालीचे सात श्वास फाईलमधून ओळखून काढले आणि तिच्या बोलण्यात जिथले तिथे बसवले. सकाळी ती आली. म्हणाली, पत्र नाही आज. मग थांबली. श्वास घेतला. मग म्हणाली, थंडी काय पडली आहे!

मी तिला मिठी मारली. ती घाबरलीच.

म्हणजे उरलेले एकोणचाळीस. नावं लिहिलेली नाहीत, सगळं पिसलेलं आहे. पण कान माझा आहे. तीसच्या आत सगळे परत करायचे. ताईचे आधी शोधणार.

२५ नोव्हेंबर

मास्तरांचे झाले. शाळेच्या बाईंचे, माळ्याचे, दोघा भावांचे झाले. एकोणीस माणसं मोकळी. ती आता संध्याकाळी येत नाहीत, रस्त्यात भेटली तर मला ओळखही देत नाहीत. बरंच आहे.

फाईल लहान होत चालली आहे. ताईचा एकही श्वास अजून आला नाही. पुढे असतील.

तिला उशांना टेकवून बसवते. पाणी चमच्याने. ती माझ्याकडे बघत नाही.

२७ नोव्हेंबर

आज ताईला टॅक्सीत घालून नेलं. तिच्या दिव्याखाली खुर्ची ठेवली. सगळ्यांना बरं वाटतं, तिलाही दोन तास तरी —

श्वासांची पाळी. दिवे वर आले. आजूबाजूला उरलेल्या सगळ्यांच्या छात्या भरल्या.

ताईची हलली नाही. तिचा दिवाही नाही. उरलेल्यांच्या दिव्यांत तो एकटाच काळा. मी इतके दिवस बघितलंच नव्हतं — मी शेवटच्या हौदाकडे जातच नव्हते, पंधरापासून —

२८ नोव्हेंबर

सदतीस झाले. पाववाल्याचे मागे ठेवले होते. तेही त्याच्या जागी बसवले. काय उपयोग. त्याचा दिवा लागला, बोलला, शिट्टी वाजली, विझला.

उद्या शेवटचे दोघं. मग फाईलमध्ये जे उरेल ते ताईचं. मोजून अकरा. असायलाच हवेत.

२९ नोव्हेंबर

फाईल रिकामी.

रिकामी.

पुन्हा पुन्हा उघडली. नाही —

आता आठवतं. बारा तारखेला तिचे हुंदके कापताना मी कर्ण्याचा आवाज बंद केला होता. पडद्यावरच्या रेषा बघून कापले. ऐकवत नव्हतं. आणि ते अकरा तुकडे फाईलमध्ये टाकायला हात होईना. पुन्हा कधी ऐकू यायला नकोत म्हणून — मी ते पुसले. चाळिसांतले फक्त तिचे.

पाववाल्याची शिट्टी जपून ठेवली होती.

२९, रात्री

ताईच्या श्वासाला आवाज नाही. आरसा धरला. धुकं आलं, नखाएवढं.

एक उपाय आहे. पंपघरातून यंत्र आणि कॉम्प्युटर घरी आणले आहेत. आपणच आपल्याला प्रश्न विचारायचा. संध्याकाळ झाली की कोण आठवतं? ताई आठवते. तिच्याबद्दलच बोलेन, मध्ये मध्ये थांबून, नीट, खोल श्वास घेऊन. अकरा वेळा. मग कापेन. मग तिच्या बोलण्यात —

मुळातच कापायला हवं. प्रत ठेवायची नाही. हात सवयीचा आहे.

३० नोव्हेंबर

सकाळ. खाली मशीन चालू आहे.

चालू आहे. न थांबता. मध्ये ताई खोकली. नाक शिंकरलं. काहीतरी गुणगुणली. मी जिन्याच्या वर बसून ऐकलं.

माझ्या छातीत काही — लिहायला श्वास लागत नाही, बरं आहे — आतून पोकळ, उघडत नाही —

ताई चहा करते आहे. दोन कप काढले, आवाजावरून कळतं. दोन.

तिने हाक मारली. धाकटे, म्हणाली. धाकटे, ये खाली, चहा झालाय. लहानपणची हाक. इतक्या वर्षांत नाही —

तोंड उघडलं. काही येत नाही. नुसतं तोंड.

पुन्हा हाक. म्हणते, जाऊ दे ते सगळं, मला काल स्वप्न पडलं तू जवळ बसली होतीस, ये, बोलायचंय मला —

पायाने जमिनीवर ठोकलं. दोनदा. ती म्हणाली, आपट, आपट पाय. हाकेला ओ द्यायला जड जातं ना तुला —

नाही ताई

उठता येत नाही. खिडकीपाशी पडले आहे, दार चार पावलांवर —

ती म्हणते आहे, चूक माझीच, मीच बोलावलं तुला या घरात. मी आता हाक मारणार नाही —

कप ठेवला. चप्पल. कडी काढते आहे. ही वही खिडकीतून टाकते, ती वर बघेल, ताई मी ऐकतेय मी इथेच आहे मला फक्त